सकाळची बस, आरशापुढचा अर्धा तास आणि न उघडता परत आलेला डबा

गडाखालचा :

नमस्कार. थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी दोन महिने पुण्यास गेली आहे. येळ्ळूरच्या घरात मी, पीयूच्या पहिल्या वर्षातला, म्हणजे अकरावीतला, १६ वर्षांचा मुलगा आणि नववीतली मुलगी असे तिघेच आहोत. स्वयंपाकाच्या मावशी सायंकाळी येतात, रात्रीचे जेवण बनवतात आणि सकाळच्या डब्यासाठी चार चपात्या व शेंगाची चटणी काढून ठेवून जातात. मुलांची बस पावणेआठची आहे.

अडचण अशी की मुलाचा डबा जसा जातो तसाच परत येतो. त्याच्या कपाळावर आणि गालांवर पुटकुळ्या आल्या आहेत, आणि शेंगदाणे, तेल व तिखट या तिघांमुळेच त्या येतात असे मोबाइलवरच्या कोणा उपदेशकाने त्याला पटवून दिले आहे. त्यामुळे सकाळी तो चहात बुडवून चार बिस्किटे खातो आणि व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेली प्रोटीनची पूड दुधात ढवळून पितो. उरलेला अर्धा तास तो आरशापुढे असतो.

मुलीचे दुखणे वेगळे आहे. बसच्या पासासाठी शहरातल्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढला, तेव्हा न सांगताच संगणकावर तिचा चेहरा उजळ आणि गुळगुळीत करून देण्यात आला. पहिल्याच दिवशी कंडक्टरने पास हातात घेऊन एकदा फोटोकडे व एकदा तिच्याकडे पाहिले आणि ‘यारम्मा इदु?’ (कोण ग ही?) असे हसत विचारले. त्याच्या मनात काही वाईट नसावे, पण सगळी बस हसली. तेव्हापासून ती पास पुठ्ठ्याच्या पाकिटात उलटा ठेवते, आणि रात्री भात खात नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. खाण्यामुळे पुटकुळ्या येतात का? सकाळी अर्ध्या तासात ही दोन मुले स्वतःच्या हाताने काय करून खाऊ शकतील? आणि बापाने मुलांच्या रूपाविषयी बोलावे की गप्प बसावे?

खानापूरची आत्या :

भाऊ, आधी एक सांगा. तुम्हांला स्वतःला काय करता येते?

गडाखालचा :

चहा. तोही पत्नीच्या मते पाणचट असतो.

खानापूरची आत्या :

मग मुलांच्या आधी तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल. सवडीने सविस्तर लिहिते.

निळा टॉवेल :

मुलाबद्दल वाचताना आमच्याच घरचे कोणी लिहीत असावे असे वाटले. माझा मुलगा त्याच वयात वर्गाच्या सामूहिक छायाचित्राच्या दिवशी पोटदुखीचे निमित्त करून घरी राहिला होता. सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्यावर हळद, लिंबू आणि बेसन लावले, मी दातांची पेस्ट लावण्यास सांगितले, आणि यांनी ‘दिवसातून दहा वेळा साबणाने धू’ असा सल्ला दिला. तिघांचेही ऐकून त्याचा चेहरा आठवड्याभरात भाजल्यासारखा लाल झाला.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी एक जेल लिहून दिले आणि चेहरा दोनच वेळा धुण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आले की घरातल्या गडद निळ्या टॉवेलवर पांढुरके, नारिंगी कडेचे डाग पडले आहेत. मी आधी कपडे धुणाऱ्या बाईंना बोलले आणि नंतर साबण बदलला. डाग वाढतच गेले. उशीचा अभ्राही गेला आणि शाळेच्या शर्टाची कॉलरही गेली. ते जेलच कापडाचा रंग उडवते हे मला डब्यावरचा बारीक मजकूर भिंगाने वाचल्यावर समजले. त्या बाईंची क्षमा मागितली. टॉवेल मात्र अजून वापरतो.

चिठ्ठीशिवाय नाही :

माझे निपाणीकडे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे या विषयावर रोज दोघे-तिघे तरी काउंटरपाशी येतात. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

वरच्या ताईंच्या टॉवेलचा रंग बेंझॉइल पेरॉक्साइडने उडवला असणार. ते चांगले औषध आहे. सुरुवातीला २.५ टक्क्यांचे पुरते. पुटकुळ्या जिथे येतात त्या सगळ्या भागावर ते रात्री पातळ लावायचे असते, एकेका पुटकुळीवर टिकली लावल्यासारखे नव्हे. निम्मी मुले दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडून देतात आणि फसतात ती येथेच, कारण फरक दिसण्यास सहा ते आठ आठवडे, कधी बाराही लागतात. अभ्रा आणि टॉवेल पांढराच वापरावा.

पुटकुळी का येते तेही थोडक्यात लिहितो. वयात येताना शरीरातल्या अँड्रोजेन संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी अधिक तेल सोडू लागतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र त्या तेलाने आणि मृत पेशींनी बुजते, आत जिवाणू वाढतात आणि ती जागा सुजते. हे तेल कढईतून येत नाही. शेंगाची चटणी खाल्ल्याने चेहऱ्यावर तेल सुटते याला आधार नाही. उलट ज्यांचा थोडाफार संबंध काही अभ्यासांत आढळला आहे ते पदार्थ वेगळेच आहेत. साखर, मैदा यांसारखे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, दूध, आणि तरुणांत विशेषेकरून व्हे प्रोटीनची पूड. म्हणजे आपल्या चिरंजीवांनी निर्दोष चटणी टाकून बिस्किटे, दूध आणि पूड हे तिन्ही संशयित घरात घेतले आहेत. पूड दोन महिने बंद करून पाहण्यास हरकत नाही.

आणखी दोन गोष्टी. कपाळावर अधिक येत असतील तर केसांना चपचपीत खोबरेल लावणे थांबवावे, कारण ते ओघळून कपाळावर येते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ‘गोरे करणारी’ म्हणून मित्रमंडळीत फिरणारी जी मलमे असतात, त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा लखलखतो, मग त्वचा पातळ होते, लाली येते, मलम थांबवताच पुटकुळ्या दुपटीने उसळतात. पावसाळ्यात ओल्या कपड्यांमुळे झालेल्या नायट्यावर हेच मलम चोळून तो अंगभर पसरवून घेतलेली मुले मी दर श्रावणात पाहतो. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मागणारे येतातच. माझे टोपणनाव त्यांच्यासाठीच आहे.

कुंदाप्रेमी :

साखर आणि दूध हे दोन्ही संशयित असतील, तर कुंदा हा या प्रकरणातला मुख्य आरोपी ठरतो. बेळगावात राहून हे सहन करणे कठीण आहे. या धाग्याची जागा बदलून तो ‘अन्याय’ या विभागात हलवावा.

चिठ्ठीशिवाय नाही :

कुंदाप्रेमी, तुमचे वय काय?

कुंदाप्रेमी :

५२.

चिठ्ठीशिवाय नाही :

मग खुशाल खा. तुमच्यासाठी दुसरे विभाग आहेत.

जुना मॅट्रिक :

सगळे वाचले. आमच्या वेळी चेहऱ्याला पावडर लावणारा मुलगा वर्गात एकच असे आणि त्याला शिक्षकांसह सगळे हसत. पुटकुळ्या आम्हांलाही आल्या आणि आल्या तशा गेल्या. मुलांना त्यांच्या चेहऱ्याचे इतके कौतुक करण्याची गरज नाही. तसेच पीयूच्या मुलाला सकाळी चुलीपुढे उभे करणे मला पटत नाही, कारण ती वेळ अभ्यासाची आहे. घरात एवढे पुरुष आहेत, तर गड्याने… नव्हे, येळ्ळूरच्या गडाखालच्या गृहस्थांनी स्वतः लवकर उठावे.

खानापूरची आत्या :

काका, शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. बाकीचे राहू द्या. माझ्या दोन्ही भावांना आमच्या वडिलांनी ‘अभ्यासाची वेळ’ म्हणून चुलीपाशी कधी जाऊ दिले नाही. धाकटा पुढे नोकरीसाठी पुण्यास गेला आणि पहिले तीन महिने वडापाववर राहिला. एके दिवशी त्याने मला फोन करून विचारले, ‘अक्का, भात शिजला हे कसे कळते गे?’ तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

आता भाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. सकाळी अर्धाच तास असेल तर निम्मे काम रविवारी करून ठेवायचे. एक किलो जाड रवा जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर भाजा. तो तांबूस होण्याची वाट पाहू नका. खरपूस वास सुटला आणि चमच्यातून खाली सोडताना दाणा दाण्यापासून सुटा पडू लागला की पुरे. गार होऊ द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठवड्याची सकाळ सुटली.

रोज सकाळी एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी घ्यायचे. तेलात मोहरी तडतडली की उडदाची डाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि कांदा टाकायचा. कांदा मऊ झाला की पाणी व मीठ घालायचे. आता खरी परीक्षा येथे आहे. पाण्याच्या कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे, मध्यभागी पाणी खळखळ वर आले पाहिजे. मग आच मंद करून एका हाताने रवा पावसाच्या सरीसारखा सोडायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे. सगळी वाटी एकदम पालथी केली तर दाण्यांचा गोळा होतो, त्याचा बाहेरचा थर लगेच चिकट होऊन बसतो, पाणी आत शिरत नाही आणि आतला रवा कोरडाच राहतो. तीच गुठळी. झाकण ठेवून पाच मिनिटे थांबायचे, वरून लिंबू पिळायचे. मुलगा ढवळेल आणि मुलगी रवा सोडेल, म्हणजे दोघांचेही हात गुंतलेले राहतील आणि मोबाइल खिशातच राहील.

पुणेरी पाहुणा :

आत्याबाई, आपण दिलेली कृती उपम्याची आहे का?

खानापूरची आत्या :

आमच्याकडे त्याला उप्पीट म्हणतात. उपमा अलंकारात असतो.

कुंदाप्रेमी :

हे वाक्य दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत विचारले जावे. सीमाभागातल्या मुलांना पैकीच्या पैकी गुण पडतील.

धारवाड रोड :

माझ्या शेजारच्या कन्नड अक्कांनी शिकवलेले चित्रान्न या मुलांसाठी उप्पीटापेक्षाही सोपे पडेल. रात्रीचा भात मात्र बाहेर ठेवायचा नाही, गार होताच शीतपेटीत टाकायचा, कारण उघड्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सकाळी भात हाताने मोकळा करायचा. तेलात मोहरी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ आणि मूठभर शेंगदाणे तांबूस होऊ द्यायचे, कढीपत्ता, मिरची व हळद टाकायची, भात परतायचा आणि आच बंद केल्यावरच लिंबू पिळायचे. विस्तवावर असताना पिळले तर कडवटपणा येतो, हे अक्कांनी मला तीनदा बजावले होते. दहा मिनिटांत डबा भरतो. आमच्याकडे बेळगाव बासमतीचा भात होतो, तो नवा असला की गचका होतो आणि चित्रान्नाला चालत नाही. वर्षभर जुना तांदूळ असेल तर दाणा सुटा राहतो.

चुरमुरे बांधव :

गिरमिटाचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? चिंच-गुळाच्या पाण्यात शिजवलेला कांदा-मिरचीचा मसाला बाटलीत भरून ठेवला, की मुलांना फक्त चुरमुरे, डाळ्याचे पीठ आणि कच्चा कांदा कालवायचा असतो. विस्तवही लागत नाही.

धारवाड रोड :

गिरमिट हुबळी-धारवाडचे आहे, हे कृपया नोंदवून ठेवावे.

चुरमुरे बांधव :

नोंदवले. खाल्ले मात्र बेळगावात.

निळा टॉवेल :

गिरमिट सायंकाळसाठी ठीक आहे. सकाळी ते खाऊन गेलेल्या मुलाला अकरा वाजता पुन्हा भूक लागते आणि तो शाळेबाहेरच्या गाड्यापाशी उभा राहतो. अनुभवाचे बोल आहेत.

मागच्या बाकावरची :

मी येथे सहसा फक्त वाचते. मी दहावीत आहे. काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या धाग्यावर अजून कोणीच दिले नाही म्हणून लिहीत आहे.

माझा रंग सावळा आहे. शाळेत मला त्यावरून क्वचितच कोणी चिडवते, कारण आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली माझ्याच रंगाच्या आहेत. बोलतात ते घरी येणारे पाहुणे. दसऱ्याला आलेल्या एका काकूंनी आईला विचारले, ‘हिच्या रंगावर काही लावत नाही काय गे?’ मी समोर पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. आई म्हणाली, ‘लावतो की, फरक पडत नाही.’ काकूंच्या प्रश्नापेक्षा आईच्या त्या उत्तराने मला जास्त रडू आले. ६२५ पैकी किती गुण पडतील याची काळजी करण्याचे माझे हे वर्ष आहे, आणि मी त्या रात्री गणित सोडून मोबाइलवर क्रीम शोधत बसले.

तुमची मुलगी पास उलटा ठेवते, कारण फोटोतली मुलगी तिला अधिक आवडली असणार. मला तरी आवडली असती. ‘तू सुंदर आहेस’ असे तुम्ही तिला एकदम सांगितले तर ती विश्वास ठेवणार नाही. बाबा आहात म्हणून बोलता असे तिला वाटेल. त्यापेक्षा पाहुणे काही बोलले, तर तिच्यासमोर त्यांना उत्तर द्या. माझ्या बाबांनी दिवाळीत एकदाच दिले होते. ‘वहिनी, तुमची भाकरी करपायला लागली आहे’ एवढेच ते म्हणाले. तव्यावर भाकरी नव्हतीच.

जुना मॅट्रिक :

बाळ, घरची माणसे प्रेमाने, थट्टेने बोलतात. ते इतके मनावर घेऊ नये.

मागच्या बाकावरची :

आजोबा, तुमच्या वर्गातल्या पावडर लावणाऱ्या मुलाचे नाव तुम्हांला अजून आठवते का?

जुना मॅट्रिक :

आठवते. त्याने दहावीनंतर गावाकडे येणेच सोडले. असो. तुझा मुद्दा समजला.

चिठ्ठीशिवाय नाही :

या मुलीच्या लिहिण्याला माझी एक पुस्ती जोडतो. त्वचेचा मूळ रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि तो आईबापांकडून येतो. बाजारातले कोणतेही क्रीम तो बदलत नाही. उन्हाने आलेले काळवंडलेपण तेवढे सावलीत राहिल्याने किंवा सनस्क्रीन लावल्याने हळूहळू उतरते. २०२० साली देशातल्या सर्वाधिक खपाच्या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून तेथे ‘ग्लो’ हा शब्द आणण्यात आला. त्याला कित्येक वर्षे उलटून गेली तरी माझ्या काउंटरवर लोक जुन्याच नावाने मागतात.

खडू :

मी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवतो. मुलगी रात्री भात खात नाही, हे वाक्य वाचून मला लिहावेसे वाटले.

आमच्याकडे सोमवारी सकाळी प्रार्थनेला एखादी मुलगी तरी खाली बसते. विचारले की ‘काही नाही सर, चक्कर आली’ असे उत्तर येते. पाणी देऊन खोदून विचारले की समजते, रविवारी रात्री जेवलेली नाही आणि सकाळी फक्त चहा घेतला आहे. वजन कमी करायचे असते, आणि ती मुलगी मुळातच ३८ किलोची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्येही तो ३१ टक्के होता. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. पण उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून मुली ती खिडकीतून फेकतात. आमच्या वर्गामागच्या कर्दळीच्या वाफ्यात मला एकदा सात गोळ्या सापडल्या. तेव्हापासून मी ती मध्यान्ह भोजनानंतर माझ्यासमोर घ्यायला लावतो.

वर कोणीतरी लिंबाचा उल्लेख केला आहे. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे कमी, म्हणून चहा तासभर तरी पुढे ढकलावा. उप्पीट किंवा चित्रान्न लिंबासह खाऊन मुले बसमध्ये चढली, तर चेहऱ्याचे काय व्हायचे ते होवो, पहिल्या तासाला डोळे तरी उघडे राहतील. नाचणीची आंबीलही चांगली, कारण १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडावे.

उंची कमी म्हणून लोंबकळणाऱ्या मुलींसाठीही सांगून ठेवतो. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते, आणि मुलांची वाढ मुलींपेक्षा दोनेक वर्षे उशिरा उसळी घेते. सहावी-सातवीत मुली उंच दिसतात आणि पीयूत मुलगे, ते त्यामुळे.

निळा टॉवेल :

खडू सर, एक भर घालते. मुलींमध्ये पुटकुळ्यांबरोबर हनुवटीवर दाट केस येत असतील आणि पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, तर ते केवळ वयाचे म्हणून सोडू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. माझ्या भाचीच्या बाबतीत हे दोन वर्षे उशिरा लक्षात आले, कारण घरातले सगळे तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होते.

गडाखालचा :

तीन आठवड्यांनी येत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

पहिल्या रविवारी आम्ही तिघांनी मिळून रवा भाजला. मी मोबाइलवर आत्याबाईंचे लिहिणे मोठ्याने वाचत होतो आणि मुलगा ढवळत होता. सोमवारी पहिले उप्पीट झाले. त्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या. ‘बाबा, गुठळ्या झाल्यात की ओ’ असे मुलगी म्हणाली, तेव्हा मुलाने सगळा दोष तिने एकदम ओतलेल्या वाटीवर ढकलला आणि तिने तो न आलेल्या उकळीवर. बरोबर तिचे होते. बुधवारपासून पाण्याच्या मध्यभागी खळखळ दिसेपर्यंत दोघेही कढईवर वाकून उभे राहतात. गुरुवारी गुठळ्या दोनच होत्या आणि त्या माझ्या ताटात आल्या.

या गडबडीत आरशाचा अर्धा तास आपोआप दहा मिनिटांवर आला. मी त्याविषयी एक शब्द बोललो नाही. पूड मित्राला परत गेली. मुलाला घेऊन शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी तेच जेल आणि तोच दोन वेळा धुण्याचा सल्ला दिला. पांढरे अभ्रे विकत आणले. पुटकुळ्या अजून आहेत, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीपर्यंत जातील का, असे तो रोज विचारतो. मी ‘आठ आठवडे’ एवढेच उत्तर देतो. डब्यातली शेंगाची चटणी संपून येते.

मुलीचे अजून पूर्ण सुटलेले नाही. मागच्या बाकावरच्या मुलीचे लिहिणे मी तिला दाखवले नाही, पण संगणक उघडा ठेवून दूध आणायला गेलो. परत आलो तेव्हा पान थोडे खाली सरकलेले होते. रात्री तिने भात वाढून घेतला, थोडाच. त्या रविवारी आलेल्या एका नातेवाइकांनी ‘काय गे, काळवंडलीस?’ असा प्रश्न टाकलाच. मला ऐनवेळी चटकन काही सुचले नाही, म्हणून मी ‘तुमची भाकरी करपायला लागली आहे’ हेच वाक्य उसने घेतले. मुलगी आतल्या खोलीत जाऊन तोंड दाबून हसत होती. फोटो मात्र तिला तोच ठेवायचा आहे. पुढल्या वर्षीच्या पासाला दुसरा काढू म्हणते.

आता एक नवीनच संकट आहे. शनिवारी चित्रान्नाच्या फोडणीत डाळ घालून मुलगा मित्राचा फोन घेण्यास बाहेर गेला आणि पत्नीची आवडती कढई तळाशी काळी ठिक्कर पडली. पत्नी येत्या गुरुवारी येत आहे. उपाय सुचवावा.

मागच्या बाकावरची :

काका, वाक्य वापरले याचा आनंद झाला. बाबांना सांगते.

खानापूरची आत्या :

कढई लोखंडाची आहे की ॲल्युमिनियमची? ॲल्युमिनियमची असेल तर सोडा अजिबात लावू नका, ती आणखी काळी पडेल. लिंबाएवढी चिंच पाण्यात टाकून दहा मिनिटे उकळा, पाणी कोमट झाले की लाकडी उलथन्याने खरवडा. लोखंडाची असेल तर मीठ-पाणी उकळून नारळाच्या काथ्याने घासा आणि लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज चढेल. घासायला मुलालाच बसवा.

गडाखालचा :

ॲल्युमिनियमची आहे. चिंच भिजत घातली आहे आणि तो काथ्या शोधत आहे.